मुरुडच्या भिंतीवरचे सत्त्याण्णव टक्के

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. भूकंपानंतर गावोगाव नवी घरे उभी राहत होती, तेव्हा माझा जन्म झाला. गवंड्यांनी मला भरपूर राबवले आणि मग लातूरच्या खाजामियाँ पेंटरला देऊन टाकले.

तोवर लातुरात क्लासेसचे पेव फुटले होते. निकाल लागला की क्लासेसच्या जाहिराती रंगवायला आम्ही भिंती गाठायचो. वर हुशार मुलांचे चेहरे, खाली ठळक टक्के. खाजामियाँचा हात त्यालाच सरावला होता.

एका उन्हाळ्यात लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेने त्यांना बोलावले. ‘मुलींची लग्ने लवकर लावू नका, त्यांना शिकवा’ असे चित्र बाजारातल्या भिंतीवर हवे होते. दहावीची परीक्षा दिलेली वर्षाराणी मला धरून उभी राहिली. किराणा दुकानदार महादेवप्पांची ही मुलगी. तिला पुढे शिकायचे होते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती.

“चाचा, ही पोरगी माझ्यावानीच दिसायली की!”

“समोर तूच हाय बेटा. दुसरीचं तोंड कुठून आणू?”

चेहरा पूर्ण झाला आणि सवयीने खाजामियाँनी खाली लिहून टाकले, ९७ टक्के!

झाले! बाजारकरी दुकानात शिरले.

“महादेवप्पा, पेढे काढा! पोरगी भिंतीवर झळकली!”

“अवो, निकाल कुठं लागलाय अजून?”

“निकालाच्या आधीच सत्त्याण्णव? लई हुशार हाय मग!”

महादेवप्पा भिंतीपाशी आले. खाजामियाँनी जीभ चावली.

“माफ करा सेठ, हाताची खोड. आत्ता चुना मारतो.”

महादेवप्पांनी आकड्यावर बोट ठेवले. मग लेकीकडे वळले.

“एवढे पडतील का गं?”

“न्हाई अप्पा. पण शिकायचं हाय मला.”

तिने घरात कधीच काढला नव्हता तो शब्द भरबाजारात निघाला.

“ऱ्हाऊ द्या मियाँ,” महादेवप्पा म्हणाले. “लग्नाची बोलणी थांबवतो मी.”

जूनमध्ये तिला बहात्तर टक्के पडले. गाव फिदीफिदी हसले. महादेवप्पांनी पेढे वाटत ठणकावले, “उरलेले पंचवीस बारावीत आणंल!” आणि लेकीला लातूरच्या कॉलेजात घातले.

आता मी खाजामियाँच्या पडवीत पडून असते. त्या चित्रावर हल्ली जाहिराती चिकटवतात म्हणे. मित्रांनो, तसे करू नका. रंग उडाला असेल तर नवा द्या. माझ्या पायऱ्या अजून तुमचे वजन पेलतील.