मागे सरकायला जागा

"काका, घरात मागे सरकायला जागा किती आहे?" तेजलने विचारलं.

विद्याधर लोटलीकरांना प्रश्न जरा खासगी वाटला. घाटकोपरच्या त्या दुकानात ते जुनी लेन्स घ्यायला आले होते, फ्लॅटचं क्षेत्रफळ जाहीर करायला नव्हे.

"भरपूर आहे," ते म्हणाले.

काउंटरवर दोन लेन्स होत्या. एक पंचवीस मिलिमीटरची, एक पन्नासची. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या, आणि दोन्हींपैकी परवडणार होती एकच.

"छोट्या खोलीत पंचवीसची चालेल," तेजल म्हणाली. "पन्नासची चेहऱ्याला झकास, पण लांब उभं राहावं लागतं. परत नाही घेणार हं मी."

"माणसाच्या मागचं धूसर कुठली करते?"

"पन्नासची. मागचं सगळं विरघळतं."

तिथेच निकाल लागला. नाहूरच्या त्यांच्या इमारतीत कुणाचाही फोटो काढा, मागे सिलिंडर, घडीचा पलंग आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची पिशवी असतेच. हे सगळं विरघळवणारं यंत्र एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर विद्याधर कशाला थांबतात!

चौतीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत मृत्यूदावे विभागात काढली होती. प्रत्येक फायलीत एक पासपोर्ट फोटो. त्यातली माणसं, पुढे काय होणार हे आपल्याला आधीच कळवलं गेलंय, अशा चेहऱ्याने बघत. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळ संपल्यावर घड्याळ द्यायची पद्धत आहे. छोटा मिररलेस कॅमेरा त्यांनी स्वतः घेतला, तोही जुना, लेन्सशिवाय.

आणि लेन्सची घाई समोरच्या दारातल्या रत्नप्रभाकाकींमुळे होती. काकी ब्याऐंशीच्या. त्यांच्या यजमानांचा फोटो कणकवलीच्या कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला होता, त्यामुळे डाव्या बाजूला निळ्या सफारीतला एक परका खांदा राहून गेला होता. तेरा वर्षं काकी नवऱ्याबरोबर त्या खांद्यालाही हार घालत होत्या.

"माजो तसो करू नको रे, बाबा," त्या म्हणाल्या होत्या. "माका एक बरोसो फोटो होयो. डॉक्टर म्हणता, दिवाळी बघशात. शिमग्याचा काय बोलाक नाय."

रविवारी सकाळी काकी मोतिया रंगाची साडी नेसून खुर्चीत बसल्या. विद्याधरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे सरकले. आणखी सरकले. पाठ फ्रीजला लागली. चौकटीत काकींचा चेहरा होता, नुसता चेहरा. चौतीस वर्षं फायलींत पाहिलेल्या पासपोर्ट फोटोंसारखा.

"झालो?" काकींनी न हलता विचारलं.

"अहो, सरका की अजून मागे," समोरच्या दारातून अनुपमा म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची एकही चूक वाया जाऊ दिली नव्हती. "दुकानात सांगून आलात ना, भरपूर जागा आहे म्हणून?"

विद्याधरांनी काकींची खुर्ची दाराच्या दिशेने वळवली आणि उलट्या पावलांनी बाहेर पॅसेजमध्ये आले. तिथूनही साडीचे काठ येईनात. मग स्वतःच्या दारातून आत. अनुपमाने बोलता बोलता टीपॉय सरकवला. हॉल संपला. पाठीला खिडकीचं ग्रिल लागलं.

दोन दारं ओलांडून पलीकडे आता काकी सबंध दिसत होत्या. पदर, गुडघ्यावरचे हात, सगळं.

"विद्याधरा!" काकी पलीकडून ओरडल्या. "ह्यांची खुर्ची मावता काय रे?"

अनुपमा पॅसेज ओलांडून गेली आणि कोपऱ्यातली लाकडी खुर्ची तिने काकींशेजारी ओढून ठेवली.

"अर्धीच येतेय, काकी! दार आड येतंय!"

"अर्धी पुरे! ते खंय कधी पुरे बसले? भोंगो वाजलो काय, चायचो कप तसोच ठेवन मिलात पळाले!"

आणि त्या हसल्या. विद्याधरांनी रिंग किंचित फिरवली. जिना चढून आलेला पार्सलवाला पोरगा आपण मध्ये येतोय हे ओळखून भिंतीला चिकटून उभा राहिला. कॅमेरा एकदाच वाजला.

शिमग्याला पाच दिवस राहिले होते, तेव्हा विद्याधर तो फोटो घेऊन भांडुपच्या फ्रेमवाल्याकडे गेले.

"साहेब, ही अर्धी खुर्ची कापतो," फ्रेमवाला म्हणाला. "फुकटची जागा खातेय. आजी बरोबर मध्ये येतील."

"राहू दे."

"अर्धीच आहे पण."

"त्यांना पुरते," विद्याधर म्हणाले.

काकींचा मुलगा प्रितम गोराईहून आला होता. त्याने निळ्या खांद्याच्या फोटोशेजारी खिळा ठोकला, फ्रेम लावली, हार घातला. "काका, सरळ आहे का बघा ना."

बघायला विद्याधर मागे सरकले. पाठ फ्रीजला लागली.

मग ते पॅसेज ओलांडून स्वतःच्या घरात गेले. अनुपमाने काही न विचारता टीपॉय बाजूला घेतला. खिडकीच्या ग्रिलला टेकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सरळ आहे," त्यांनी तिथूनच सांगितलं.