तीन शिट्ट्या

महादेवीचा हंडा टँकरच्या नळीखाली निम्मा भरला होता, तेवढ्यात शेजारच्या मथुराबाईंनी क्वार्टरांच्या ओळीकडं मान वळवली.

"पाच," त्या म्हणाल्या. "तुमचाच कुकर हाय वैनी. मघापासून मोजायले मी."

"आमचा नसेल. घरात ते आहेत ना. तीन झाल्या की वात खाली करा म्हणून सांगून आलेय."

"तुमच्या कुकरचा आवाज काय आज ऐकतेय व्हय मी? लई चिरका हाय. ही बघा. सहा."

रांगेतल्या बायका हसल्या. साहेबांनी गाण्याचा तवा लावला असंल, त्या ढणढणाटात शिट्टीचं काय चालतंय, असं मागून कुणीतरी म्हणालं. महादेवीही हसायला गेली आणि हसू तोंडातच राहिलं. जानेवारीतच ऊस संपून कारखान्याचं गाळप बंद पडलं होतं, त्यामुळं दिवसासुद्धा कॉलनीतलं बारीकसारीक ऐकू येई. वारा घराकडूनच येत होता. त्यात ढोल नव्हता, गिटार नव्हती. नुसती शिट्टी होती. सातवी.

तिनं हंडा सोडला. त्या उन्हाळ्यात चालू धारेखालचा हंडा सोडून गेलेली बाई कॉलनीनं पाहिली नव्हती. मथुराबाईंनी हाक मारली ती तिच्या पाठीवर आदळून मागंच राहिली.

मागच्या दारानं ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा आठवी शिट्टी चालू होती. इतक्या जवळून की दात शिवशिवले. जमिनीवर पाट, पाटावर स्टोव्ह, स्टोव्हवर कुकर. आणि पाटापासून वीतभर अंतरावर दहा महिन्यांची उमा मान वर करून बसली होती. वाफेकडं बघत होती. उजवा हात तिनं वर उचलला होता, कुणी खाऊ दाखवल्यावर उचलावा तसा.

महादेवीनं तिला ओढून काखेत घेतलं आणि दुसऱ्या हातानं वात खाली केली. उमाच्या पायातले घुंगरांचे वाळे खणखणले. मग तिनं समोर पाहिलं.

मधल्या उघड्या दारातून नवऱ्याची, बंडप्पाची पाठ दिसत होती. फार तर आठ फुटांवर. तो रेकॉर्ड प्लेअरसमोर मांडी घालून बसला होता. तबकडी फिरत नव्हती. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा बंद होता. उंटाच्या केसांच्या बारीक ब्रशानं तो सुई साफ करत होता, आतून बाहेर, आतून बाहेर. आणि शिट्टी उतरत उतरत विझेपर्यंत त्याची मान एकदाही हलली नाही.

तिची सावली तबकडीवर पडली तेव्हा तो वळला.

"आलीस? हंडा कुठाय?"

तिनं उमाला काखेत वर सरकवलं.

"कुकर," ती एवढंच म्हणाली.

"एकही शिट्टी झाली नाही बघ. वॉशर गेलं असणार. उद्या उस्मानाबादहून आणतो." मग त्याचं लक्ष काखेतल्या पोरीकडं गेलं. "ही कधी गेली तिकडं? आत्ता तर इथं चटईवर होती. गुणाची आहे हं, आवाज नाही की काही नाही."

ते वाळे बेंबळीहून महादेवीच्या आईनं आणले होते. पोर रांगायला लागलं की वाळे घालायचे. दिसलं नाही तरी ते कुठं आहे ते घरात सगळ्यांना कळत राहतं. चटईपासून स्टोव्हपर्यंत उमा त्याच्या पाठीमागून वाजत वाजत गेली असणार.

त्या दिवशी महादेवी भांडली नाही. करपलेली डाळ ती खरवडत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. तुमचं लक्ष नसतं, तुमचा जीव त्या तबकड्यांत, हे सगळं तोंडपाठ होतं, निम्म्या कॉलनीतल्या बायकांचं ते तिच्या वतीनं म्हणूनही झालं होतं. पण तबकडी बंद होती. तिचं मन तिथंच येऊन पुन्हा पुन्हा अडत होतं.

लग्न होऊन ती या क्वार्टरमध्ये आली तेव्हा पहिल्यांदा तिला दिसले होते ते दोन स्पीकर, कपाटाएवढे. मिलचे सुटे भाग ज्या सागवानी खोक्यांतून आले त्यांच्या फळ्यांचे त्यानं ते स्वतः केले होते. आत कापूस घालायचा नाही, कापूस आवाज गिळतो. घोंगडीचा तुकडा लावायचा, असं त्याचं मत. मतं त्याला पुष्कळ होती. ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच हवा. कॅसेट म्हणजे उन्हात वाळवलेली भाजी. हेडफोन शेजाऱ्यांना भिणाऱ्यांनी लावावेत. पुण्याला डिप्लोमा करताना होमी नावाचा त्याचा खोलीतला सोबती होता, त्याचा मामा जहाजावर. तिथून या रॉकच्या तबकड्या त्याच्याकडं आल्या, आणि नऊ वर्षं ते दोघं पत्रांतून त्यांवर वाद घालत होते. नावं महादेवीच्या तोंडी बसली नाहीत. ती मुखपृष्ठावरून ओळखी: दीपस्तंभवाली, निळ्या बसवाली, पडक्या विहिरीची.

"गाणारा भाडेकरू असतो," तो तिला सांगे. "घर ढोलवाल्याचं. दीपस्तंभवालीची पहिली बाजू बाजारासाठी केलीय, दुसरी स्वतःसाठी. दुसऱ्या बाजूला शेवटी तो झांजेवर नुसता ब्रश फिरवतो. ऐक. आलं ऐकू?"

नव्या नवरीला ते ऐकू आलं नव्हतं. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला नवऱ्यानं झांज ऐकायला शिकवली, आणि ज्या संध्याकाळी ती पहिल्यांदा ऐकू आली, त्या संध्याकाळी तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं चहा करून आणला होता. पहिला आणि बहुतेक शेवटचा.

दिवाळीपासून त्याची मतं कडू झाली होती. नव्या तबकड्यांत दम नाही. कंपनी सुयांत भेसळ करते. त्यानं चार महिन्यांत तीन सुया बदलल्या, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर काढून पुण्याहून नवा मागवला, तोही बोथट निघाला. आणि ओसरीवर बसल्यावर म्हणाला होता, यंदाच्या दुष्काळानं रातकिडेसुद्धा मेले बघ. तिनं तेव्हा मान हलवली होती. कोणत्या वर्षी किती रातकिडे असतात याचा हिशेब कोण ठेवतं?

त्या संध्याकाळी ती ओसरीवर उभी राहिली. दिवस मावळत होता आणि कडुलिंबाच्या बुंध्यापासून कुंपणापर्यंत रातकिडे ओरडत होते. इतके, की पोर किंचाळल्यासारखं वाटावं. बंडप्पा पायरीवर बसून चहा पीत होता. महादेवी आत गेली, झोपलेल्या उमाच्या पायातला एक वाळा अलगद काढला, बाहेर येऊन त्याच्या मागं उभी राहिली. एकदा वाजवला. मग कानाजवळ नेऊन वाजवला.

तो चहा पीत राहिला.

तिनं वाळा मुठीत घट्ट आवळला. घुंगरं तळव्यात रुतली. ती तिथंच उंबऱ्यावर बसली, तसा तो चाहूल लागून वळला आणि म्हणाला, "चहा मस्त झालाय आज."

सोमवारी दुपारी फिटर दगडोबा दारात आला. साहेब उस्मानाबादला गेलेत, घरी पिवळ्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर आहे तो पाहिजे म्हणाला. महादेवीनं तो खिळ्यावरून काढून दिला. त्या स्क्रूड्रायव्हरची ख्याती तिला ठाऊक होती. मिल चालू असताना त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. बंडप्पाचं सांगणं चुकत नसे. त्या कानावर कारखान्यानं त्याला तिशीच्या आत मिल हाऊस, उसाच्या चरकांचा सगळा विभाग, सांभाळायला दिलं होतं. सहा हंगाम तो त्या गडगडाटात उभा होता.

"पाणी घ्या दगडोबा," ती म्हणाली. "आता कशाला हा? गाळप तर बंद आहे."

"पंप चालू करून बघायचेत बाईसाहेब." तो तांब्या वरून तोंडात ओतत थांबला, मिशा पुसल्या. "आन एक सांगू का? साहेबांच्या मनात मला हेडफिटर करायचं हाय, असं वाटायलंय."

"का बरं?"

"आधी कुणाला हात लावू देत नव्हते ह्याला. आता मलाच कान लावायला लावतेत. म्हणतेत, दगडोबा, तू सांग, तुझी परीक्षा. म्या सांगितलं की मान हलवतेत. बरोबर, म्हणतेत. एकदाबी माझं चुकलं न्हाय."

महादेवीनं दाराची कडी धरली.

"कधीपासून हे?"

"दिवाळीपास्नं."

तो गेला तरी ती कडी धरून उभी होती. घरातसुद्धा दिवाळीपासूनच. तबकडी लावायची, तिच्याकडं बघायचं आणि म्हणायचं, सांग बघू काय ऐकू येतंय, तुझी परीक्षा. तिला वाटायचं, हे अजून शिकवतायत. ती सांगायची. तो मान हलवायचा, बरोबर म्हणायचा, आणि मग होमीला पत्र लिहायला बसायचा. तिनं ते पत्र एकदा उचलून बघितलंही होतं, जानेवारीत. निळ्या बसवालीच्या शेवटी झांज अशी वाजते, की पत्र्यावर चार थेंब पडावेत आणि पाऊस निघून जावा, असं त्यात लिहिलं होतं. वाक्य ओळखीचं वाटून ती खूश झाली होती. ते तिचंच होतं.

त्याला माहीत होतं: बोलणं, ढोल ऐकू येतंय, बारीक चिरके आवाजच कानातून गेलेत. सुया, नवा स्पीकर, मेलेले रातकिडे, सगळं माहीत असून चाललं होतं. आणि रविवारी तरीही तो म्हणाला होता, वॉशर गेलं असणार.

त्या संध्याकाळी तो वॉशर घेऊन आला. कुकरच्या झाकणात स्वतः बसवला. मग हातपाय धुऊन त्यानं दीपस्तंभवाली काढली, दुसरी बाजू वर केली, सुई टेकवली. घोंगडीच्या आतून ढोल आला, जमिनीतून तिच्या पायांपर्यंत. होमीचं अर्धं पत्र त्याच्या मांडीवर होतं.

"सांग," तो म्हणाला. "परीक्षा."

एरवी ती समोर बसे. आज ती उमाला घेऊन त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल अशी. शेवट येईपर्यंत ती ऐकत राहिली. मग झांज आली.

"आहे," ती सावकाश म्हणाली. "अगदी बारीक. ब्रश झांजेवरून उचलतच नाही तो. सूप पाखडताना शेवटी नुसता कोंडा सरकतो ना, तसं."

"बरोबर," तो म्हणाला. आणि लिहू लागला.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली, खस्, खस्. त्यानं ती उचलली नाही. वाक्य लिहून झालं तरी पेन कागदावर टेकलेलंच होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता.

"रविवारी," तो कागदाकडंच बघत म्हणाला, "किती झाल्या होत्या?"

तिनं उमाला मांडीवरून खाली उतरवलं.

"आठ."

"आठ," तो म्हणाला.

उमा त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहू बघत होती, तिचे वाळे वाजत होते. बंडप्पा तिच्या पायांकडं बघत होता. डावा उचलला की डाव्याकडं, उजवा उचलला की उजव्याकडं. कितीतरी वेळ तो तसाच बघत होता. मग त्यानं पेनाला टोपण लावलं.

पुढच्या रविवारी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा कुकर नुकताच चढवला होता. महादेवीनं उमाला काखेत मारलं, चुंबळ घेतली, हंडा घेतला. पोरीला काखेत घेऊन भरला हंडा आणता येत नाही हे तिला माहीत होतं, पण हात सुटत नव्हता.

"दे इकडं," बंडप्पा म्हणाला.

बाहेरच्या खोलीतलं लोखंडी स्टूल त्यानं आत आणलं होतं. स्टोव्हपासून चार हातांवर ते ठेवलं, पोरीला घेऊन बसला, एक हात तिच्या पोटाभोवती घट्ट. बाहेर प्लेअरवर झाकण होतं.

"जा तू," तो म्हणाला. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही. त्याची नजर कुकरच्या शिट्टीवर होती, नजर काढली तर ती उडून जाईल अशी.

रांगेत तिच्या पुढं सात हंडे होते. ती घराकडं पाठ करून उभी राहिली. नंबर आला, हंडा नळीखाली गेला, आणि पहिली शिट्टी आली.

"वैनी," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी पदराबाहेर हात काढून एक बोट मिटलं.

दुसरी आली. दुसरं बोट. तिसरीला जरा वेळ लागला. ती आली तेव्हा महादेवीचा हात हंड्याच्या काठावर होता आणि त्या काठावरून पाणी तिच्या बोटांवर चढत होतं.

मथुराबाईंचं चौथं बोट ताठ उभं होतं. मागं कुणी हसलं नाही. वारा त्याच बाजूनं वाहत होता. धार बंद झाली, मागच्या बाईनं आपली घागर पुढं सरकवली, तरी ते बोट मिटलं नव्हतं.

"आज ऐकल्या म्हणायच्या साहेबांनी," मथुराबाई शेवटी म्हणाल्या.

महादेवीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, खाली वाकून हंड्याला हात घातला.

"हो," ती म्हणाली. "जरा हात लावता का?"