साडूभाऊंचं कपाट आणि पेंटरचं मनगट

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला ‘नाही’ म्हणणं कधी जमलं नाही, त्यातून मोठ्या साडूंना तर मुळीच नाही. म्हणून साडूंचं लोखंडी कपाट उतरवताना पायरी चुकली तेव्हा पेंटर उजव्या तळहातावर आदळला आणि तरी म्हणाला, “कपाटाला लागलं नाही ना?”

मनगट सुजलं. एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसेना.

“बघा!” साडू खूश. “हाड ठणठणीत. चला, फ्रिज राहिलाय.”

“भाऊजी, फ्रिज राहू दे तिथंच,” पेंटरची बायको म्हणाली आणि नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी त्याला अंगठा ताणायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला, तिथं त्यांनी बोट दाबलं. पेंटर असा किंचाळला की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले.

“इथलं हाड काजूएवढं, पण महालबाड,” बाई म्हणाल्या. “मोडलं तरी पहिल्या फोटोत बरेचदा दिसत नाही. त्याला रक्तही बेताचंच मिळतं. दुर्लक्ष केलं तर जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखतं. आत्ता प्लास्टर घालू, दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू.”

अंगठ्यासकट प्लास्टर बसलं. साडू घरोघरी सांगत सुटले, “फोटो स्वच्छ, तरी प्लास्टर! कामचुकारपणा, दुसरं काय!”

पुढच्या फोटोच्या वेळी ते मुद्दाम सोबत आले, खोटं उघडं पाडायला. बाईंनी फोटो उजेडात धरला. इवल्याशा हाडाच्या मधोमध केसासारखी चीर.

साडूंचा चेहरा पडला. “म्हणजे... माझ्या कपाटापायी?”

“हाड जुळेल,” बाई म्हणाल्या, “पण हा हात अजून बरेच दिवस ब्रश धरणार नाही.”

पेंटर रडवेला झाला. दातांच्या दवाखान्याची पाटी अर्धवट पडली होती.

“मी रंगवतो,” साडू म्हणाले. पेंटरला इथंही ‘नाही’ म्हणवलं नाही.

पेंटर खाली उभा राहून सांगत होता, साडू शिडीवर घाम पुसत रंगवत होते. ‘येथे दात काढले जातात’मधली एकूण एक अक्षरं लंगडत, एकमेकांना धरून उभी राहिली. रस्त्यात गर्दी जमली आणि खो खो हसू लागली.

दंतवैद्य धावत बाहेर आला. “अहो, सगळे बाहेरच दात काढताहेत, आत कोण येणार?”

साडूंनी शिडीवरून खाली पाहिलं. “रंग ओला आहे,” ते गंभीरपणे म्हणाले, “हात लावू नका.”