हिला वारस ठेव

त्या शिवणाच्या दुकानात 'वारस' हा शब्द भलत्याच अर्थाने वापरला जायचा, आणि त्याला कारण काजवाली होती.

काजवाली म्हणजे मास्तरांच्या हाताखाली काजं-बटणं करायला आलेली बाई. पुढे ती बेतायला शिकली, बाह्या चढवायला शिकली, कॉलर तर मास्तरांपेक्षा सुबक बसवायला लागली. पण गल्लीने तिला एकदा जे नाव चिकटवलं ते चिकटवलंच. गल्लीला बढती वगैरे काही कळत नाही.

तर झालं होतं असं. ती नवी असताना मास्तर तिला शिवणीच्या आत कापड का सोडायचं ते समजावत होते. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा असेल तर आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. पोर वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो, आणि त्याच्या अंगातून उतरला की पुढे धाकट्यालाही बेताचा करून देता येतो. "हे वारसासाठी ठेवायचं," मास्तर म्हणाले. कपडा ज्याच्याकडे जाणार त्या धाकट्याला ते थट्टेने वारस म्हणत होते. काजवालीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एका पोराचा सदरा हातात धरून तिने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मास्तर, काखेत वारस किती ठेवू?"

मास्तर हसता हसता खोकायला लागले. गिऱ्हाइकांनी तोंडं फिरवली. काजवालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "ठेव दोन बोटं," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "या वयात काखेत वारस घेऊन हिंडणारा हा पहिलाच पुरुष."

तेव्हापासून आतल्या कापडाचं नावच वारस पडलं. वारस ठेव. वारस कापू नकोस. या बुवाला कशाला हवा वारस, हा आता आडवाच वाढणार. हळूहळू त्यातली थट्टा विरली आणि शब्द तेवढा राहिला, कामाचा, रोजच्या वापरातला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तो शब्द असा बोलणारी माणसं उभ्या जगात दोनच होती. आपण काही वेगळं बोलतो हेसुद्धा ती दोघं विसरून गेली होती.

मग मास्तरांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट होती, तीवर ते पडून राहिले. त्यांची एकुलती मुलगी दूरच्या शहरात नोकरी करत होती, ती धावत आली. धावत आली असं म्हणायचं, पण त्याआधी कित्येक वर्षं ती आलीच नव्हती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा मास्तर लग्नाला गेले नाहीत, आणि ते आले नाहीत म्हणून नंतर ती आली नाही. बाप आणि लेक दोघंही एकाच कापडातले, वाकतील तर शपथ. आता मात्र ती बापाचा हात हातात घेऊन खाटेशी बसून होती. मास्तर तिच्याकडे टक लावून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलायचं नव्हतं की बोलता येत नव्हतं, हे तिला कळत नव्हतं, आणि त्यानेच ती खंगत चालली होती.

काजवाली पुढे दुकान चालवत होती. एका शाळकरी मुलीचा थंडीचा कोट मशीनवर होता. डॉक्टर येऊन गेले त्या संध्याकाळी ती कोटाची बाही हातात घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मास्तरांची नजर पडल्याशिवाय एकही बाही कधी चढली नव्हती. माणूस मरणाच्या दारात आहे आणि आपण त्याच्यासमोर बाही काय धरतोय, असं तिला वाटलं, पण हाताला सवय होती. तिने बाही उलटी करून आतली शिवण त्यांना दाखवली.

खोलीत तेव्हा मुलगी होती आणि समोरचा इस्त्रीवाला होता. इस्त्रीवाला मास्तरांचा जुना दोस्त. मनाने चांगला, पण पोटात काही म्हणून राहायचं नाही.

मास्तरांनी डोळे उघडले. डावा हात वर उचलून दाराकडे रोखला. "हिला," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास चालला. "हिला... वारस ठेव."

बाही स्त्रीलिंगी. काजवालीही स्त्रीलिंगी. व्याकरणाने तिथे दगा दिला तो असा.

काजवालीला काही कोडं पडलं नाही. पोरीचे हात लांब होतील, या बाहीला आत कापड ठेव, एवढंच मास्तर तिला सांगत होते. 'ठेवलाय मास्तर, दोन बोटं,' असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण इस्त्रीवाल्याने हंबरडाच फोडला. "ऐकलंस ना पोरी? बाप तुला सांगतोय, हिला वारस ठेव! वा रे माझ्या गड्या, जाता जाता न्याय करून चाललास!"

मुलीने बापाचा हात हळूच खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. पहाटे मास्तर गेले.

इस्त्रीवाल्याने ते वाक्य कपड्यांच्या घड्यांबरोबर घरोघर पोचवलं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने शंका काढली, वारस नेमतात, ठेवत नाहीत. "मरणारा माणूस व्याकरण बघत बसतो का रे?" इस्त्रीवाल्याने त्याला गप्प केलं. ज्यांनी काजवालीला जन्मात कधी बस म्हटलं नव्हतं ते आता तिला वाट देऊ लागले. "मालकीणबाई, आमच्याकडे लक्ष असू द्या," असं दूधवाला म्हणाला, आणि त्यात थट्टा अर्धीच होती.

काजवाली गप्प राहिली. आधी वाटलं, घरात माणूस गेलंय, आता कुठे शिवणीचा अर्थ सांगत बसायचं. मग वाटलं, उद्या सांगू. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला सांगायचंच नाहीये.

तिच्याकडे जरा तिच्या घरातून बघायला हवं. ती भावाकडे राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, भावाने आश्रय दिला आणि तो दिल्याचं घरातलं कुणी विसरलं नाही. तिचं अंथरूण पडायचं ते दोन खोल्यांच्या मधल्या बोळात. पाणी प्यायला उठलेला प्रत्येक जण तिला ओलांडून जायचा. वहिनी काही दुष्ट नव्हती. फक्त अधूनमधून भांडी पुसता पुसता विचारायची, "तुमचं पुढचं काय ठरलंय?" ती वहिनी आता ताट वाढून हातात आणून देत होती. "वन्सं, तुम्ही बसा हो, मी बघते." मागच्या खोलीला रंग कोणता द्यायचा, इथवर तिची मजल गेली होती.

मागच्या खोलीला खिडकी होती, आणि दाराला आतून कडी होती. कडी लावून झोपता येईल असं दार काजवालीला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. त्या कडीपायी ती तोंड शिवून बसली, आणि तिला दोष द्यायला मला तरी जीभ रेटत नाही.

मग तीही सुतावरून स्वर्ग गाठायला लागली. कशावरून मास्तरांना तसंच म्हणायचं नव्हतं? एवढी वर्षं त्यांच्या शेजारी राबले, शेवटी त्यांच्या मनात आलंही असेल. हा विचार तिला दुकानाहूनही गोड लागायचा. पण मग मास्तरांचे डोळे आठवायचे. माणसाकडे बघताना मास्तर कसे बघतात आणि शिवणीकडे बघताना कसे, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ते शिवणीकडे बघत होते.

मुलीने दिवसकार्य उरकल्यावर दोन दिवसांत जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन पुढे दुकानात आली. काजवाली त्याच कोटाची कॉलर टाचत होती.

"मावशी, मी वकिलाला विचारलं," मुलगी उभ्याउभ्याच म्हणाली. "तोंडी बोलण्याला कायद्यात काही किंमत नाही म्हणाला. पण मला कायदा नकोय. बाबा बोलले ते बोलले. दुकान तुमचं. कागद करून पाठवते."

"इतकी घाई कशाला गं," काजवाली म्हणाली. आता एवढं गप्प बसलं की झालं.

"मला परत यायचंच नाहीये इथे." मुलगी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "एक विचारू? ते माझ्याबद्दल कधी बोलायचे का?"

काजवालीने खरं ते सांगितलं. "ते कुणाबद्दलच बोलायचे नाहीत."

"हं." मुलगी हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मी त्यांचा हात धरून बसले होते, मावशी. रात्रंदिवस. म्हटलं एकदा नाव घेतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं. आणि तोंड उघडलं ते मला सांगायला, की माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. माझ्याकडे बघितलंही नाही. मी झोपले की तेच ऐकू येतं मला. हिला वारस ठेव." तिचा आवाज फाटला. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही केलंत त्यांचं. पण हे सोबत घेऊन कसं जगायचं ते कळत नाही बघा."

काजवालीच्या हातातली सुई थांबली. या पोरीला आपण दुकानापायी बापाविना करतोय, हे तिला इतके दिवस सुचलंच नव्हतं. तिला आतापर्यंत वाटत होतं की ती एक खोली घेतेय.

कडी डोळ्यांसमोर आली, वहिनीने वाढलेलं ताट आलं. मग तिने सुटी बाही उचलली, उलटी केली आणि मुलीपुढे धरली.

"हा बघ वारस," ती म्हणाली.

मुलीने पिशवी खाली ठेवली.

"हे आत दुमडलेलं कापड आहे ना, त्याला आम्ही वारस म्हणतो. माझ्याच येडेपणाने पडलेलं नाव आहे. त्या दिवशी ही बाही होती माझ्या हातात. ते मला सांगत होते, हिला वारस ठेव. या बाहीला. तुझ्या कानावर पडलं, पण ते तुला म्हणालेच नव्हते."

मुलीला समजायला वेळ लागला. तिने बाही हातात घेतली, कापडाची ती दुमड अंगठ्याने चाचपली. मग खाली बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. "म्हणजे मला टाकलं नव्हतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबांनी मला टाकलं नव्हतं." तिने काजवालीच्या गळ्यात हात टाकले. काजवालीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्याला रडू का येत नाहीये, याचंच तिला नवल वाटत होतं.

रडणं ओसरल्यावर मुलगी आत जाऊन तोंड धुऊन आली. चेहरा निवळला होता, चालसुद्धा हलकी झाली होती. तिने दुकानावरून नजर फिरवली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच ती तिथल्या वस्तूंकडे बघत होती. कपाटाचं दार उघडून बघितलं, आरशावरची धूळ बोटाने पुसली.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी जन्मभर जळत राहिले असते," ती म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"उपकार कसले त्यात."

"आता मग दुकानाचं मलाच बघायला लागेल. मी काही इथे येऊन राहणार नाही, विकायलाच लागणार." हे ती सरळ मनाने बोलली, तिच्या मनात कपट नव्हतं. "महिनाअखेरपर्यंत आवरेल ना तुमचं, मावशी?"

"माझं काय आहे इथे आवरायला," काजवाली म्हणाली. "हा कोट तेवढा द्यायचाय."

मुलीने टेबलावरची मोठी कात्री उचलली. ती जुनी, वजनदार कात्री मास्तरांची होती. मूठ काजवालीच्या हाताने झिजली होती, पण कात्री मास्तरांची होती. मुलीने ती दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतली.

"ही नेऊ मी? बाबांची आठवण. मला शिवायला येत नाही, पण घरात असू दे त्यांचं काहीतरी."

"ने की," काजवाली म्हणाली. "तुझीच आहे."

मुलीने कात्री कागदात गुंडाळली, पिशवीत नीट खाली ठेवली, वाकून नमस्कार केला आणि निघाली. इस्त्रीवाल्याने समोरून विचारलं, "काय गं, झालं का सगळं नीट?" ती मोकळेपणाने हसून म्हणाली, "हो काका, झालं." ते हसणं थेट मास्तरांचं होतं.

काजवाली मशीनवर बसली. दुपारी कोट न्यायला येणार होते. तिने बाही चढवली, फिरवून शिवली, वर हात लावून बघितला. बसली होती छान. मग दोरा तोडायला हात टेबलावर गेला आणि इकडेतिकडे चाचपत राहिला. शेवटी तिने मान वाकवली आणि दोरा दातांनी तोडला.