डाव्या कडेचा जादा हात

त्या काळी चिंचवडला कारखाने मोजकेच, भोवती सगळी बाजरीची शेतं. तिथल्या एका शेडमध्ये लोखंडी कपाटं रंगवली जात. रंगाचा फवारा मारायचा खेडचा चांदभाई. वाळलेला रंग तपासायचा सोपान. त्याला चांदभाईनंच हाताला धरून कामावर आणलं होतं.

तपासायचं साधन म्हणजे स्प्रिंगला लावलेलं इवलंसं लोहचुंबक. दारावर टेकवायचं आणि ओढायचं. थर बेताचा असला तर ते घट्ट धरून बसे, जाड झाला की अलगद सुटे. जाड थर वरून वाळतो, आत ओलाच राहतो, मग पापुद्रे निघतात. असं दार फुली मारून परत जाई.

दिवाळीपासून चांदभाईच्या दारांवर डाव्या कडेला चुंबक सुटू लागलं. सोपान फुली मारीत नसे. सुटी झाल्यावर गुपचूप तेवढी कड घासून काढी. पण रंग फार खपतोय म्हणून आता साहेब स्वतः दारं बघायला येणार होते.

"उस्ताद, डावीकडं हात आवरा की जरा."

"का रं? तुझ्या लग्नात हळदबी अशीच थापली हुती मी. तवा न्हाई वरडलास!"

शेड हसली. सोपान जवळ सरकला. "डोळा दाखवलात का कुणाला? फवारा मारताना मान वळवता तुम्ही."

चांदभाईचं हसू मावळलं. "डावीकडं धुकं हाय," तो हलकेच म्हणाला. "रंग बसला का न्हाई, कळत न्हाई. लोखंड उघडं ऱ्हायला नको, म्हणून आणखी एक हात देतो. तुझ्या हसीनाभाभीला सांगू नगंस. कामावरनं काढलं तर खायचं काय, म्हणून रडत बसंल."

"कुणाला कळणार नाही. मी घासतो ना रोज."

"रोज?" चांदभाईनं हात पुढं केला. "आण ते चुंबक."

काल रंगवलेल्या, अजून न घासलेल्या दारापुढं उभं राहून त्यानं डोळे मिटले. उजव्या कडेला चुंबक सुटता सुटेना. "हां, ह्यो माझा हात." मग डावी कड. तिथं जोर लावावाच लागला नाही. चुंबक आपसूक बोटांत आलं. त्यानं पुन्हा टेकवलं. पुन्हा आलं.

चांदभाईनं फवाऱ्याचं तोंड फडक्यानं नीट पुसलं, नेहमी पुसायचा तसंच, आणि तो खुंटीला अडकवला.

"परत पाठव दार. साहेबाला माझं नाव सांग."

सोपाननं खडू उचलला.

"मारलीस का फुली?" थोड्या वेळानं चांदभाईनं विचारलं.

फुली त्याच्या डाव्या हाताशीच होती.