पेटी मात्र मी नेणार

या, असे पुढं सरकून बसा. दाराशी बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते. एका पेटीची गोष्ट सांगायची आहे, पण ती सुरू होते एका स्वेटरपासून.

तो स्वेटर ताईनं चिमणीच्या बॅगेतून उपसला आणि पलंगावर टाकला.

"हा कशाला? तिथं बारा महिने उकाडा."

"विमानात थंडी वाजते म्हणतात."

"विमानात राहायला चालली आहेस का?"

चिमणी हसली. ती ताईची धाकटी बहीण. गळा गोड म्हणून वडिलांनी ठेवलेलं हे नाव तिला चाळिशीतही चिकटून होतं. तिच्या नवऱ्याला दूरच्या एका देशात बंदरावर नोकरी लागली होती. तो पुढं गेला होता, ही उद्या निघणार होती. घामाच्या धारा आणि कधी न हटणारी ओल, असा तो मुलूख. काय न्यायचं आणि काय ठेवायचं, हे तिनं सगळं ताईवर सोपवलं होतं. ताई ग्रंथालयात होती. पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून कपाटं उघडण्यात, झाडण्यात, पानं वाळवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. ओल काय काय खाते, हे तिला विचारावं.

आणि ताई सांगत होती. चामड्याची पर्स बाहेर आली, कातडं बुरसतं म्हणून. शिसवी चौकटीचा आरसा बाहेर आला, कारण लाकूड फुगतं, काच निखळते. रेशमी शालीला म्हणे तिथं आठवड्यात डाग पडले असते. शेवटी तिचा हात बाबांच्या फोटोवर गेला. प्रार्थनेच्या सभागृहात कीर्तन करताना कुणीतरी टिपलेला, एक हात वर, तोंड उघडं, नजर कुठंतरी छताच्याही पलीकडं.

"फोटो तर मुळीच नको. ओल्या हवेत काचेला चिकटतो, मग सुटत नाही."

चिमणीनं फोटो थोडा वेळ हातात धरून ठेवला, मग दिला.

"ताई, तिथली माणसं बुरसत नाहीत का गं?"

ताई हसली नाही. ती सांगत होती त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण एकेक वस्तू बाहेर काढली की तिच्या जिवाला थोडं गार वाटत होतं, हेही खोटं नव्हतं.

लहानपणापासून हे असंच होतं. बाबा देवाची कथा गाऊन सांगायचे. शेजारी चिमणी उभी असायची, आणि तिनं तान घेतली की समोरच्या बायका डोळे पुसायच्या. ताई मागं, पेटीवर. सभा उठली की जो तो चिमणीचा गाल कुरवाळायचा. भाता हलवणाऱ्या हाताकडं कोण बघतो? एकदा एका आजीबाईंनी तर ताईलाच विचारलं होतं, बाळ, त्या गाणाऱ्या मुलीला जरा बोलावतेस का? मोठेपणी बाबांचं घर ताईकडं आलं, त्यांचं आजारपणही तिच्याकडं आलं. आता चिमणीकडं समुद्र आला, परदेश आला. ताईजवळ उरली ती बाबांची पेटी. ती काळी, जुनी हार्मोनियम रोज संध्याकाळी उघडायची, एवढंच काय ते तिचं.

आणि आठवड्यापूर्वी चिमणीचा फोन आला होता. "बाकी काही नेऊ दे नाहीतर नको देऊस, बाबांची पेटी मात्र मी नेणार हं. नाही म्हणू नकोस."

ताई म्हणाली होती, "ने." त्यानंतर रोज ती पेटी उघडायची आणि न वाजवताच बंद करायची.

सकाळी चिमणी यायच्या आत तिनं पेटी फलालीनच्या कापडात गुंडाळली होती. भात्याचं कातडं, आतले पितळी सूर, लाकडी पट्ट्या. सकाळपासून बॅगेतल्या एकेका वस्तूला जो नियम तिनं लावला, तो या एका वस्तूला लावला नव्हता. बांधताना मनात आलं होतं, जाऊ दे. दोन पावसाळ्यांत बसेल आवाज हिचा. मग गा म्हणावं. मनात आलं तशी तिनं गाठ आणखी आवळली होती.

बॅग बंद करून चिमणी बाहेरच्या खोलीत आली आणि दाराशी ठेवलेलं ते गाठोडं बघून थांबली.

"ही कुठं चालली?"

"तुझ्याबरोबर. तूच म्हणालीस ना, पेटी."

चिमणीनं एकदा गाठोड्याकडं पाहिलं, एकदा वर माळ्याकडं.

"अगं, मी ती पत्र्याची म्हटलं होतं. बाबांची, कपड्यांची. आणि ही कशी नेईन? सकाळपासून तूच सांगतेस, कातडं बुरसतं, लाकूड फुगतं..."

ती मधेच थांबली. ताईनं मान खाली घातली आणि गाठ सोडायला घेतली. मग चिमणीचा आवाज अगदी खाली आला.

"एवढं सगळं ठाऊक असून, मी मागितली म्हणून देत होतीस?"

गाठ नखानं सुटत नव्हती. तिनं दात लावले.

चिमणीनं स्टुलावर चढून पत्र्याची पेटी खाली ओढली. धूळ उडाली. हिरवा रंग पोपडे धरून सुटला होता, झाकणाला मधोमध खड्डा पडला होता. त्या खड्ड्यात ती बसली, बरोब्बर मावली.

"ही गंजकी कशाला हवी तुला?" ताईनं विचारलं.

"सकाळी तुम्ही दोघं सूर लावत बसायचात. मला वाटायचं, आज मलाही खाली सतरंजीवर बोलावतील. मी इथं बसायचे. जरा हलले की पत्रा वाजायचा, आणि बाबा म्हणायचे, शांत बस गं, ताईबरोबर सूर शोधतोय." तिनं पत्र्यावर हलकेच बोटं वाजवली. "मला नुसतं सभेत उभं करायचे. इतका राग यायचा मला तुझा."

मग तीच हसली आणि तोंड धुवायला आत गेली.

गाठ सुटली. काळं लाकूड उघडं पडलं. ताईनं ते फलालीन झटकलं, बाबांच्या फोटोची काच त्यानं पुसली, आणि त्यातच गुंडाळून फोटो पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवला. वर स्वेटर ठेवला.

चिमणी परत आली तेव्हा झाकण अजून उघडं होतं.

"फोटो? ओलीनं चिकटेल ना?"

"पत्र्याच्या पेटीत नाही चिकटत," ताई म्हणाली.

ग्रंथालयात असलं उत्तर तिनं कुणाला दिलं नसतं.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. पुढं कधी कुणी गायला उभं राहिलं, तर दाद द्या, अगदी मनापासून द्या. धाकटी तिकडं घामाघूम होऊन गातच असेल, तिची काळजी नको. पण गाणं संपलं आणि माणसं उठू लागली, की मागं भात्यावर हात ठेवून बसलेल्या त्या थोरलीची आठवण तेवढी असू द्या.