सूनमुख

"अम्मा, हिलू नको. उंगल्या कित्ते, बोल," परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब उर्दू वळणाच्या मराठीत म्हणाले.

पट्टी सुटली होती. जाड भिंगांचा चष्मा नाकावर बसला होता. धुरपताबाईला आधी नुसता उजेड दिसला, मग त्या उजेडात तीन बोटं.

"तीन," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मुलगा चंद्रभान शेजारी उभा होता. मोतीबिंदूनं आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावातल्या एकाचा डोळा फिरत्या वैदूनं सुई घालून फोडला होता, म्हणून डोळ्याला चाकू म्हटलं की लोक अंगावर येत. चंद्रभाननं कुणाचं ऐकलं नाही. ताडकळसजवळच्या गावाहून गाडी जुंपून तो तिला घेऊन आला, दवाखान्याच्या ओट्यावर झोपला, आईला हातानं भरवलं.

"माय, मी दिसायलोय का?"

"दिसायलास रे राजा. लय वाळलास."

परतताना ती एकेक गोष्ट डोळे भरून बघत होती. सडकेकडेचे तारेचे खांब तिनं पहिल्यांदाच पाहिले. "माणसानं काय काय केलंय रे!" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

दारात सून कासाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. पदर पार नाकापर्यंत. लग्नात सूनमुख बघायच्या वेळी धुरपताबाईच्या हाती आरसा देऊन उपयोग नव्हता. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला होता, तेवढंच.

"वर बघ गं. माझं सूनमुख ऱ्हायलंय." तिनं स्वतःच पदर सारला.

कासाबाईची भुवई फाटून वेडीवाकडी जुळली होती. समोरचा दात नव्हता. गळ्यावर बोटांचे वळ होते, पिवळे पडत चाललेले.

भिंगच वाकडं असेल म्हणून धुरपताबाईनं चष्मा काढला, लुगड्याला पुसला, पुन्हा लावला. वळ तिथंच होते.

"हे कशानं?"

"पडले, आत्याबाई." तोच शांत आवाज. भांडं आदळलं की हाच आवाज सांगायचा, काही न्हाई, हातातनं निसटलं. या घरात धुरपताबाईनं सुनेचं रडणं एकदाही ऐकलं नव्हतं.

चंद्रभान बैल सोडायला वळला.

"चंद्रभान, तुझा हात हाय ह्यो?"

"माय, आत्ताच आलीस. डोळ्याला ताण देऊ नको."

"इचारलं त्ये सांग."

"तुला काय कमी केलं का मी?" तो चिडून म्हणाला.

"न्हाई रे," धुरपताबाई म्हणाली. "त्याच हातानं भरवलंस मला." ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

तेवढ्यात शेजारच्या बायका अंगणात गोळा झाल्या. चष्मा कसा, चाकू कसा, दुखलं का, सगळ्या एकदम विचारू लागल्या. पार्वतीबाई म्हणाली, "पोरगा असावा तर असा. काय काय दिसायलंय धुरपताबाई?"

धुरपताबाईनं सुनेला ओढून जवळ बसवलं. बायकांची नजर कासाबाईच्या उघड्या चेहऱ्यावर गेली आणि लगेच खाली वळली. कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

"तुमाला समद्यास्नी दिसत व्हतं," ती हळू म्हणाली.

कुणी वर बघेना. कासाबाई पदर पुढं ओढायला गेली. धुरपताबाईनं तिचा हात धरून ठेवला.